लाल उभी रेघ

दुपारचे दोन. मानेवाडा रोडवर कुत्रंही नाही.
कूलरच्या वाळ्यावर मगभर पाणी मारून परतले
तर काउंटरपाशी ती,
तोंडाला पांढरा दुपट्टा, डोळ्यांपुरती फट,
मुठीत पिळून पिळून सपाट झालेली ट्यूब.
"ताई, हेच द्या. दोन द्या."

गळ्यात कामाचं कार्ड, त्यावर नाव: रोशना.
बर्डीवर मोबाइलच्या शोरूममध्ये उभी असते.
नवा मॅनेजर म्हणाला, तू मागं बस,
समोर प्रणोती बसेल.
"कारण सांगितलं त्यानं?"
"कारण काय सांगाचं राह्यते ताई,
आरसा आहे नं घरी."

दुपट्टा सोड, म्हटलं.
गाल कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे,
खाली लाल शिरांचं जाळं,
हनुवटीवर नवी लव.
फोडणीची वाफ लागली तरी जळते, म्हणाली.
दोन दिवस नाही लावलं
तं पहिल्याहून काळं होते, म्हणून लावूनच राहिली.

बिलबुक मागं उलटत गेले.
फेब्रुवारीत एक. मार्चमध्ये एक. एप्रिलमध्ये दोन.
अक्षर माझं.

डोईफोडे काकांचं शेअरचे भाव वाचायचं भिंग घेतलं.
ट्यूबच्या पुढे मोगऱ्याचं फूल,
मागे मुंगीच्या पायांएवढी अक्षरं.
हायड्रोक्विनोन:
कातडीतला रंगाचा कारखाना मंद करतं,
मोजके आठवडे, तेही डॉक्टरच्या नजरेखाली.
ट्रेटिनॉइन:
वरचा थर सोलतं,
आणि बाहेर आपलं ऊन, शेहेचाळीसचं.
मोमेटासोन. हे स्टेरॉइड.
पहिल्या पंधरवड्यात सगळे म्हणाले असतील,
काय चमक आली वं.
"हाव. प्रणोतीच म्हणाली होती."

"अन् हे लाल रेघ? डिझाइन आहे का?"

नाही.
चिठ्ठीशिवाय देऊ नये, असं सांगणारी रेघ.
ती तुझ्यासाठी नव्हती, रोशना,
काउंटरच्या ह्या बाजूसाठी होती.
हे मी म्हटलं की नुसतं मनात आलं
आता नीट आठवत नाही.

तिनं शोकेसमधल्या सोनेरी डबीकडे बोट केलं.
केशरवाली.
आता ती स्वतःच भिंग धरून वाचायला लागली.
पहिलं नाव पाण्याचं, म्हणजे पाणीच जास्त,
केशर तळाशी, सुगंधाच्याही खाली.
"म्हणजे टपरीच्या चहात इलायची असते तेवढं?"
त्याहून कमी.
हसली. हसताना गाल ताणला गेला,
तिनं हात लावला आणि काढला.

"इतवारीत एक बिनानावाची भेटते,
मामी लावते, आठ दिवसात फरक."
जिच्या डबीवर यादीच नाही
तिच्यात पाराही असू शकतो, म्हटलं.
मामीला सांग. सांगून बघ.

"मंग लावू काय?"
मेडिकलला जा, चर्मरोगाची ओपीडी,
सकाळी लवकर, चिठ्ठीला रांग असते.
ही एकदम सोडू नको, त्यांना विचारून सोड.
आणि ऊन अडवणारं एखादं, साधं, बिनवासाचं.
चेहरा निवेल. वेळ लागेल.
"अन् गोरी?"

कूलर घरघरत होता.
भिंग अजून तिच्याच हातात होतं.

ओआरएसची एक पुडी घेतली तिनं,
दुपट्टा बांधला, आधी गाल, मग कपाळ, मागं गाठ,
आणि गाडी मनीषनगरच्या दिशेनं नेली.
की समोरच्या मेडिकलला थांबली?
मधे ट्रक आला. दिसलं नाही.

खोक्यात अठरा ट्यूब उरल्या होत्या.
झोपेच्या गोळ्यांच्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं.
रात्री काकांनी त्या परत समोर मांडल्या,
"काऊन वं, चालता माल आत कोंबते?"

आज सकाळी सतरा आहेत.
पुन्हा आत ठेवल्या.
बिलबुकात काल रात्रीचं पान कोरं आहे.